डावा मागचा कोपरा

१

आमच्या तळ्याकाठी कुणी कॉफी विचारली तर पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा विचारली तरी नको. तिसऱ्यांदा विचारली की "बरं, अर्धा कप दे, पण मुद्दाम करू नकोस," असं म्हणायचं आणि सावकाश दोन कप प्यायचे. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा हावरट, आणि दोनदा विचारून थांबणारा तुसडा. उत्तर मिनेसोटात थंडी, डास आणि राजकारण यांवरून आमची रोज जुंपते, पण या एका बाबतीत कुणाचं दुमत नाही.

मार्लिसची नि माझी ओळख अशीच झाली. मी फरशीवाला. लिनोलियम, टाइल, लाकूड, जे म्हणाल ते चाळीस वर्षं लोकांच्या पायाखाली घातलं. तिच्या स्वयंपाकघराची जमीन टेबलाच्या बाजूला उतरली होती, ती सरळ करायला गेलो. तिने तिसऱ्यांदा कॉफी विचारली, मी बसलो, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात आमचं लग्न झालं. मी अठ्ठावन्न वर्षांचा घोडनवरा. तिचा पहिला नवरा जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

त्याचं नाव डेल्मर. घरात त्याचा एकही फोटो नव्हता, आणि मार्लिस त्याच्याबद्दल बोलायचीही नाही. मी म्हटलं, चला, आपल्याला काही त्रास नाही. दोन हिवाळे सुखात गेले. मग एप्रिलमध्ये, तळ्यावरचा बर्फ फुटला त्या आठवड्यात, तिला शोधत मी शेडच्या मागे गेलो. तिथे निळ्या ताडपत्रीखाली डेल्मरची जुनी पाँटून बोट ट्रेलरवर पडून होती. ताडपत्रीचं एक टोक वर केलेलं होतं आणि आत मार्लिस बटाटे सोलत बसली होती.

"इथे काय करतेस?"

"बटाटे सोलतेय."

"घरात टेबल आहे की."

"असू दे. इथे बरं वाटतं मला."

ताडपत्रीमुळे तिचा चेहरा निळसर दिसत होता, पण त्यावर जो आनंद होता तो मी दोन वर्षांत माझ्याकडे बघताना एकदाही पाहिला नव्हता. मला काय झालं ते सरळच सांगतो. मी जळलो. साठी गाठलेला माणूस एका मोडक्या बोटीवर जळला.

२

पाँटून म्हणजे काही अवघड प्रकरण नाही. ॲल्युमिनियमची दोन लांब हवाबंद नळकांडी, त्यांवर प्लायवूडची सपाट जमीन, जमिनीवर गालिचा, भोवती कमरेएवढा कठडा आणि आत बाकं. तरंगती बैठकीची खोलीच म्हणा ना. आमच्याकडे घरटी एक असते. रात्रीचं जेवण आम्ही उजेडातच उरकतो आणि मग सगळे रमतगमत तळ्याला फेरी मारतात, एकमेकांना हात करतात, आणि कोण कुणाबरोबर बसलंय ते बघून घेतात.

"मी हिला नवी करतो," मी मार्लिसला सांगितलं.

"सगळी?"

"सगळी."

"मागचं बाक तेवढं राहू दे."

"उंदरांनी घर केलंय त्याच्यात, मार्लिस."

"बरं," ती म्हणाली. "तू म्हणशील तसं."

आमच्याकडे नाराजीला याहून मोठं वाक्य नाही. मला ते कळलं आणि मी न कळल्याचं सोंग घेतलं.

मला डेल्मर मुळासकट उपटायचा होता. बाकं काढून फेकली. कठडे सोडवले. गालिचा इतका चिकटला होता की खरवडून काढावा लागला. बोल्ट गंजले होते, ते एकेक करून कापले. काम करताना मी शीळ घालत होतो म्हणजे बघा. नळकांड्यांवर शेवाळाची जुनी रेघ होती, बोट पाण्यात किती बुडायची ती दाखवणारी. ती सरळ नव्हती. डाव्या बाजूला मागे जाता जाता वर चढत होती. डेल्मर अडीचशे पौंडांचा गडी होता, असं ऐकलं होतं, तेव्हा तो तिथेच बसत असणार. मी ॲसिड लावून ती रेघ घासून टाकली.

गालिच्याखालच्या प्लायवूडवर पेन्सिलीने मोजमापं लिहिली होती. नेटकं, सुतारी अक्षर. उजवीकडे पुढे, सुकाणूच्या चाकाजवळ, एक फुली होती आणि बाजूला लिहिलं होतं, "मार्लिस इथे." डाव्या मागच्या कोपऱ्यात दुसरी फुली. तिच्या बाजूला, "मी इथे. इथून ती दिसते."

ती फळी मी अंगणात जाळली. मार्लिसने खिडकीतून विचारलं, कसला धूर? म्हटलं, कुजकं लाकूड आहे.

नव्या बोटीत चाकाजवळ मी शेजारी शेजारी दोन खुर्च्या लावल्या, वर कापडी छत. बोट कायम मार्लिसच चालवायची, तेव्हा एक तिची, दुसरी माझी. डाव्या मागच्या कोपऱ्यात बसायला काही ठेवलंच नाही. तिथे तरंगती जाकिटं ठेवायची एक पेटी बसवली, एवढंच.

३

मेच्या शेवटच्या आठवड्यात बोट पाण्यात सोडली. बदामी रंगाचा गालिचा, पांढरी बाकं, नळकांडी आरशासारखी. काठावरचे लोक येऊन बघून गेले. "वाईट नाही," असं सगळ्यांनी सांगितलं. आमच्याकडे हे कौतुक समजतात.

माझ्याकडे वडिलांची चार फुटी पाणसळ आहे, पितळी कडांची. तिच्यावाचून मी कुठलंही काम संपलं म्हणत नाही. धक्क्याला बांधलेल्या बोटीवर मी ती तिरकी ठेवली, उजव्या पुढच्या कोपऱ्यापासून डाव्या मागच्या कोपऱ्याकडे. काचेतला बुडबुडा बरोबर मध्ये, म्हणजे जमीन सरळ. मी खूश झालो आणि मार्लिसला हाक मारली.

ती चढली, उजवीकडे पुढे जाऊन बसली. मार्लिस एकशे दहा पौंडांची. तिच्या वजनाने बोटीने उजवीकडे पुढे जरासं झुकावं, म्हणजे बुडबुडा मागे डावीकडे जायला हवा, कारण बुडबुडा नेहमी उंच बाजूला पळतो.

तो मार्लिसकडे पळाला.

मी पेटीकडे पाहिलं. पेटीच्या बाजूचा कोपरा दोन बोटं खाली बसला होता. पाणी नळकांड्याला चाटत होतं.

"उतर बघू जरा," मी म्हटलं. ती उतरली. बोट सरळ झाली. "परत चढ."

"वेंडेल, मी काय वजनकाट्यावरचा भोपळा आहे?"

ती चढली. कोपरा खाली गेला. मी एकट्याने दहा वेळा चढून पाहिलं, तेव्हा काहीही झालं नाही. माझ्यासाठी तो कोपरा हलत नव्हता.

नळकांड्यात पाणी शिरलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पाणी इकडून तिकडे घरंगळतं, त्याचा भरवसा नसतो. पण तीन आठवड्यांनी नळकांड्यांवर शेवाळाची नवी रेघ धरली आणि तीही डावीकडे मागे वर चढत गेली होती.

४

टॉइवो आमच्या तळ्यावरचा वेल्डर, आणि डेल्मरचा शाळेपासूनचा दोस्त. मला तो कधी आवडला नाही, पण ॲल्युमिनियम दुसऱ्या कुणाला जोडता येत नाही. आम्ही बोट ट्रेलरवर ओढून घेतली. नळकांड्याच्या प्रत्येक कप्प्यात त्याने थोडी हवा भरली, सांध्यांवर साबणाचं पाणी फासलं, आणि दोघं गुडघ्यांवर बसून फुगे येतात का बघत राहिलो. एकही फुगा आला नाही.

"आत थेंब नाही," टॉइवो म्हणाला. "गळती असलीच तर तुझ्या डोक्यात आहे. लग्न उशिरा केलं की होतं असं."

"तू पाण्यात बघ, मग बोल."

बोट पुन्हा पाण्यात घातली. टॉइवो मधोमध उकिडवा बसला, समोर माझी पाणसळ. मी धक्क्यावर होतो. बुडबुडा मध्ये. "सरळ आहे की रे. कशाला माझा दिवस घालवतोस?" टॉइवो म्हणाला.

तेवढ्यात मार्लिस सँडविचची ताटली घेऊन आली. "टॉइवो, खाऊन घे थोडं," म्हणत ती कठड्याचं दार उघडून आत गेली.

कोपरा खाली बसला. टॉइवोने बुडबुड्याकडे पाहिलं, मग मान वर करून पेटीकडे पाहिलं. बराच वेळ तो तिकडे बघत होता. मग त्याने टोपीच्या कडेला बोट लावून मान किंचित हलवली, दुकानात ओळखीचा माणूस दिसल्यावर हलवतात तशी. हत्यारं गोळा केली, बोटीवरून उतरला, माझ्या बाजूने चालत गेला आणि गाडीत बसून निघून गेला.

बाहेरच्या माणसाला यात काही वावगं वाटणार नाही. आमच्याकडे निघायचं म्हणजे आधी मांड्यांवर थाप मारून "बरं, मग," म्हणायचं. मग दारात दहा मिनिटं. मग गाडीच्या खिडकीशी पंधरा मिनिटं, त्यात कोणाचा गुडघा कसा आहे ते सगळं येतं. टॉइवोच्या आईच्या अंत्यविधीतूनसुद्धा आम्हाला बाहेर पडायला पाऊण तास लागला होता. त्या दिवशी तो एक शब्द न बोलता गेला. सँडविचला हात लावला नाही.

"याला काय झालं?" मार्लिसने विचारलं.

"ऊन लागलं असेल," मी म्हटलं. त्या दिवशी ढग होते.

५

बॅटरी मी उजवीकडे पुढे हलवली. पेट्रोलची टाकीही हलवली. पुढच्या बाकाखाली फरशीच्या चार पेट्या ठेवल्या. मार्लिस चढली की कोपरा तेवढाच खाली, दोन बोटं. वाढत नाही, कमी होत नाही. जसं काही कुणी मोजूनमापून बसत होतं.

जूनमध्ये एका संध्याकाळी आम्ही तळ्याच्या मध्यावर मोटार बंद करून बसलो होतो. ऊन अजून झाडांच्या वर होतं. मार्लिसने पिशवीतून थर्मास काढला, आणि कप तीन.

"तिसरा कशाला?"

"चाराचा संच होता. एक फुटला. उरले ते पिशवीतच असतात."

उत्तर रास्त होतं. तिने मला कॉफी विचारली, मी नको म्हटलं, तिने विचारली, मी नको म्हटलं, तिने विचारली, मी घेतली. तिसरा कप तिने मागे जाऊन पेटीच्या झाकणावर ठेवला, रिकामा. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"इथेच गेला तो. मी चालवत होते. मागे वळून न बघता विचारलं, कॉफी? नको म्हणाला. थोड्या वेळाने परत विचारलं. नको म्हणाला. आवाज नेहमीचाच होता रे. मग समोर लून पक्षीण वर आली, पाठीवर दोन पिल्लं घेऊन. मी बघत बसले. तिसऱ्यांदा विचारायचं राहून गेलं." ती कपाच्या काठावरून बोट फिरवत होती. "धक्क्याला लागल्यावर मागे वळले. डॉक्टर म्हणाले, तास होऊन गेलाय."

"विचारलं असतंस तरी काय फरक पडला असता?"

"काही नाही. राहून गेलं, एवढंच."

चांगल्या माणसाने अशा वेळी बायकोचा हात हातात घेतला असता. मी मनात हिशोब करत होतो. अकरा वर्षं ही बाई एका न विचारलेल्या कॉफीपाशी थांबली आहे. मला ती रोज तीनदा विचारते, मी रोज पितो, कप धुतला जातो, संपलं. माझं असं काहीच तिच्याकडे राहून गेलेलं नव्हतं.

६

मी भुतंखेतं मानत नाही. वजन मानतो. जमीन उतरली असेल तर खाली काहीतरी असतं, आणि ते काढल्याशिवाय वरून कितीही टाइल लावा, उपयोग नाही. ही अक्कल मी चाळीस वर्षं वापरली होती, म्हणून जुलैत एका रविवारी दुपारी पुन्हा वापरली. पाहुणा कशासाठी अडून बसला आहे ते कळलंय ना? मग त्याला ते देऊन टाकायचं. कॉफी पिऊन झाली की पाहुणा मांड्यांवर थाप मारतो, "बरं, मग," म्हणतो आणि उठतो.

तळ्याच्या मध्यावर मार्लिसने मोटार बंद केली. मी थर्मास उघडला. तिसरा कप काठोकाठ भरला, मागे गेलो आणि पेटीवर ठेवला.

"कॉफी, डेल्मर?"

मार्लिस गर्रकन वळली. "वेंडेल, गप्प बस."

"तुझं दोनदा विचारून झालंय. हे तिसरं." माझा आवाज चढला होता. मला ते आवडतही होतं. "घे की रे. अकरा वर्षं लाजतोयस, आता पुरे. घे आणि सूट."

काही झालं नाही. लाटा नव्हत्या, दुसरी बोट जवळ नव्हती. कपातून वाफ येत होती. मी माझ्या खुर्चीशी परत आलो, तिथे पाणसळ ठेवलेली होती, तिच्याकडे पाहिलं. बुडबुडा मार्लिसच्या बाजूला होता. बघता बघता तो हलायला लागला. सावकाश, अगदी सावकाश मध्ये आला आणि थांबला. माझ्या पायांनाही कळलं. मागचा कोपरा वर आला होता. बसलेला जाड माणूस गुडघ्यांवर हात टेकून उठतो, तसा.

"गेला!" मी म्हटलं. मला हसू आवरेना. "गेला बघ, मार्लिस!"

ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्याच्या बाजूला कुठेतरी बघत होती.

धक्क्याला लागल्यावर मी कप गोळा केले. पेटीवरचा कप रिकामा होता. सांडला असेल, असं म्हणून मी गालिचा बघितला. बदामी गालिच्यावर कॉफीचा एक डागही लपला नसता. मी गुडघ्यांवर बसून सगळा गालिचा हाताने चाचपला. तो कोरडा होता. मग कप हलून पाण्यात ओतला गेला असणार, आणि परत सरळ उभा राहिला असणार. असं मी त्या वेळी खरंच मानलं.

७

त्यानंतर बोट सरळ राहिली. इतका आनंद मला लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता. मी फरशीच्या पेट्या काढून टाकल्या, नळकांडी पुन्हा घासली. मार्लिसही बदलली. गुणगुणायला लागली. केस कापून आली. स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून उभी असताना मध्येच हसायची. एकदा मी आत आलो तेव्हा तिच्या चेहऱ्यावर तोच आनंद होता, ताडपत्रीखालचा. अखेर तो माझ्या वाट्याला आला, असं मला वाटलं. वेडा होतो.

दोन गोष्टी मला खटकल्या, आणि दोन्हींना मी कारणं शोधली. बोटीवर माझ्या खुर्चीवर बसलो की गादी आधीच कोमट असायची. वर छत होतं, ऊन तिथवर पोचत नव्हतं. पण उन्हाळा आहे, म्हटलं, होत असेल.

दुसरी गोष्ट ऑगस्टमधली. मार्लिसच्या हातून एक बटाटा पडला. तो जमिनीवरून घरंगळत गेला, सावकाश, वळला, आणि टेबलाच्या टोकाच्या खुर्चीखाली जाऊन थांबला. ती माझी खुर्ची. आणि ती जमीन मी स्वतः सरळ केलेली होती. मार्लिस बाहेर गेल्यावर मी पाणसळ लावली. जमीन माझ्या खुर्चीकडे उतरत होती. दोन बोटं.

"लग्नाआधी इथे कोण बसायचं?" मी संध्याकाळी विचारलं.

"कुठे?"

"माझ्या खुर्चीवर."

"ती तुझी नव्हती तेव्हा," मार्लिस म्हणाली, आणि मला बटाटे वाढले. मग म्हणाली, "अजून घे ना." मी नको म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणाली, मी नको म्हटलं. मग तिने भांडं टेबलाच्या मधोमध ठेवून दिलं. ती विसरली असेल. माझं पोट तसं भरलंच होतं.

८

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर लोक बोटी पाण्याबाहेर काढतात. आमची शेवटची फेरी शनिवारी ठरली होती, दुपारी चारला. मार्लिस आधीच चाकाशी बसली होती. मोटार चालू होती. थर्मासची पिशवी तिच्या पायाशी होती. मी धक्क्यावर दोर सोडत होतो.

"येतोस ना?" तिने विचारलं.

खरं सांगायचं तर हा प्रश्नच मला लागला. बायको नवऱ्याला विचारते का, येतोस ना? मी म्हटलं, "नको. जा तू."

"येतोस का, वेंडेल?"

"नको, नको. तूच जा." हातात जाकीट होतं. एक पाय धक्क्याच्या कडेला आणलेला होता. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, येतो, पण लवकर परतू," म्हणणार होतो.

तिने गियर टाकला.

बोट धक्क्यापासून वीतभर सुटली, मग हातभर. मी हाक मारली नाही. आमच्याकडे मारत नाहीत. मी तसाच जाकीट धरून उभा राहिलो आणि माझ्या डोळ्यांनी सवयीने नळकांड्यांकडे पाहिलं. डावा मागचा कोपरा वर होता, पाण्याच्या चांगला वर. बोट उजवीकडे पुढे दबली होती. तिथे माझी बायको बसली होती, एकशे दहा पौंडांची, आणि तिच्या शेजारी माझी खुर्ची. एवढ्या बाईने बोट एवढी दबत नाही. मी फरशीवाला आहे, मला वजन कळतं.

छताच्या सावलीत मला मार्लिसची पाठ दिसत होती. ती शेजारच्या खुर्चीकडे वळून बोलत होती. थर्मास पुढे केला तिने. मग ती हसली, मोठ्याने, पाण्यावरून माझ्यापर्यंत आलं ते हसू. आणि खुर्चीच्या हातावर काहीतरी दोनदा आपटलं, आरामात, चाळा म्हणून आपटावं तसं. मी मान फिरवली. पाहू शकलो असतो, पण फिरवली.

ती तासाभराने आली. मी तिथेच होतो. तिने स्वतः दोर बांधला, कठड्याचं दार उघडलं आणि बाहेर येऊन ते हाताने धरून ठेवलं. मागून येणाऱ्यासाठी धरतात, तसं. थोडं थांबली. माझ्या पायाखालच्या फळ्या कुरकुरल्या आणि जरा खाली गेल्या. मग तिने दार लावलं.

घराशीही तसंच. जाळीचं दार उघडून ती बाजूला झाली, थांबली, मग आत गेली. मी पायऱ्यांपर्यंत पोचलो तेव्हा दार लागलं होतं. ती जाळीमागून माझ्याकडे बघत होती, प्रेमाने, अगदी नीट. शेजाऱ्याकडे बघावं तसं.

"कॉफी घेऊन जातोस का, वेंडेल?"

घेऊन जातोस का. मी कधी म्हणत नाही ते म्हणालो. "हो." पहिल्याच विचारण्याला. "हो, मार्लिस, दे. मला हवीय."

ती दचकली. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं ते मला ओळखता आलं. आपल्याकडे कुणी असभ्य माणूस आला की येतं ते. पण ती चांगली बाई आहे. तिने कप भरून आणला, दार बोटभर उघडून माझ्या हातात दिला आणि परत लावून घेतलं.

मी पायरीवर बसून कॉफी पितोय. ऊन अजून आहे. आत ताटल्या मांडल्याचा आवाज येतोय, आणि मार्लिसचा.

"कॉफी?" ती म्हणाली.

आतून काही उत्तर आलं नाही.

"कॉफी?"

मी कप पायरीवर ठेवला. आता थांब, मी मनात म्हणत होतो. माझ्या वेळी थांबलीस ना, तशी थांब. समोर काहीतरी बघ. पक्षी बघ. विसर.

"कॉफी घेतोस ना?" मार्लिसने तिसऱ्यांदा विचारलं.

मग आत खुर्ची सरकली. टेबलाच्या टोकाची, माझी.